भिंतीतल्या तारांचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, तुम्ही इतिहास लिहा" असा निरोप समितीकडून आला. सोसायटीची नोंदणी, पहिली सर्वसाधारण सभा, पाण्याच्या जोडणीसाठी वॉर्ड ऑफिसात मारलेले हेलपाटे, पहिला गणेशोत्सव हे सगळं इतर सभासद माझ्यापेक्षा चांगलं लिहिणार आहेत. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतला. पंचवीस वर्षं आपल्या घरात जी अहोरात्र राबते आहे, जिचा फोटो एकाही अल्बमात नाही आणि जिची आठवण ती गेल्यावरच होते, ती म्हणजे वीज. नेमकं सांगायचं तर, ती वाहून आणणाऱ्या भिंतीतल्या तारा.

मी इंजिनिअर नाही. साधा बी.कॉम., आणि उभा जन्म बँकेत गेला. पण हिशेब जुळेपर्यंत झोप लागत नाही, ही बँकेची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. विजेचा विषय माझ्या मागे लागला त्याला एक कारण आहे. ते पुढे ओघात येईलच.

क्रॉफर्ड मार्केटपासून खोपोलीपर्यंत

मुंबईत विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटमध्ये. ज्या कंपनीने ते लावले ती वर्षभरातच बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आलं. त्यानंतर वीस-बावीस वर्षं या बाबतीत फारसं काही घडलं नाही. १९०५ मध्ये 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' ही कंपनी उभी राहिली आणि वाडीबंदरला वाफेवर चालणारं वीजघर सुरू झालं. ७ मे १९०७ रोजी घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम धावली. आजची आपली 'बेस्ट' ती हीच. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, ती महानगरपालिकेच्या ताब्यात आली.

मुंबईच्या विजेला खरा जोर आला तो टाटांच्या जलविद्युत केंद्रांमुळे. खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचं १९२२ मध्ये आणि भिऱ्याचं १९२७ मध्ये सुरू झालं. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पडणारा पाऊस तलावांत साठवायचा, मोठ्या नळांतून खाली कोकणात सोडायचा आणि त्या जोरावर टर्बाइन फिरवायचं. गंमत अशी की हा पाऊस आणतो अरबी समुद्रावरून येणारा वारा. ज्या वाऱ्याने मुंबईला वीज दिली, तोच वारा मुंबईतल्या तारा खातो. माझा सगळा लेख खरं तर याच एका वाक्याचा विस्तार आहे.

आपण राहतो ती उपनगरं त्या काळी गावंच होती. त्यांच्यासाठी १९२९ साली 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' ही वेगळी कंपनी निघाली. जुनी माणसं अजूनही विजेच्या बिलाला 'बीएसईएसचं बिल' म्हणतात ते त्यामुळेच. पुढे तिची रिलायन्स झाली, २०१८ पासून अदानी. बाकीच्या कोकणात वीज पोचवायचं काम १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाकडे गेलं. २००५ मध्ये मंडळाचे भाग झाले आणि महावितरण हे नाव आपल्या कानावर आलं.

एका दिव्याची खोली

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. दोन खोल्या, एक दिवा बाहेरच्या खोलीत आणि एक आत. दोन्ही चाळीस वॉटचे. भिंतीवरून सागवानी पट्टी गेलेली, तिच्यावर पत्र्याच्या छोट्या चिमट्यांनी धरून ठेवलेली वायर. तिला 'बॅटन वायरिंग' म्हणत. त्याहून जुन्या घरांत लाकडाची खाचवाली पट्टी आणि वर झाकण असायचं, ते 'केसिंग-कॅपिंग'. तारेवर रबराचं आवरण आणि त्यावर सुती वेष्टण. बटणं काळी, गोल, बेकेलाइटची. दाबली की चांगला 'टक' असा आवाज यायचा. बल्ब बदलायचा झाला तर वडील आधी जेवायचा लाकडी पाट आणून त्यावर उभे राहत. घरातली विद्युतसुरक्षा म्हणजे तो पाट!

या वायरिंगचा एक गुण होता. ते डोळ्यांसमोर होतं. रबर तडकलं, पट्टी काळी पडली, चिमटा गंजला तर येता-जाता दिसायचं. आज आपल्या तारा भिंतीच्या आत पाइपात गेल्या. भिंती देखण्या झाल्या, पण तारांचं दुखणं दिसेनासं झालं.

त्या दोन दिव्यांच्या खोलीत मग एकेक पाहुणा येत गेला. आधी रेडिओ आला, मग टेबलफॅन, मग इस्त्री. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि काही वर्षांत टीव्ही आला. पाठोपाठ मिक्सर, फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन. यातल्या बहुतेक वस्तू आल्या तेव्हा घरात नवी तार आली नाही. होत्या त्याच तारेला एक फाटा काढला, नाहीतर होल्डरला 'टू-वे' लावून भागवलं. प्रत्येक पिढीने आपला भार मागच्या पिढीच्या तारेवर टाकला. मुंबईतल्या घरांच्या विजेचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर तो इतकाच आहे.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. तांबं बाहेरून आणावं लागे आणि परकीय चलनाची चणचण होती. म्हणून साठच्या दशकापासून घरांच्या वायरिंगमध्येही ॲल्युमिनियमच्या तारा सर्रास आल्या. ॲल्युमिनियम स्वस्त आणि हलकं, पण त्याच्या तीन खोडी आहेत. त्याच्यावर पांढरट थर चढतो आणि तो वीज नीट जाऊ देत नाही. स्क्रूखाली दाबून ठेवलेली तार हळूहळू पसरते आणि सैल होते. आणि तांब्या-पितळेला चिकटून असेल तिथे ओलसर हवेत ती झपाट्याने झिजते. सैल सांधा म्हणजे वाटेत अडथळा आणि अडथळा म्हणजे उष्णता. बोर्डावर हात ठेवल्यावर कोमट लागतं ते यामुळे.

खारा वारा

माझ्या नोकरीतली बरीच वर्षं कोकण किनाऱ्यावरच्या शाखांत गेली. तिथला वारा काय करतो ते मी आधी विजेत नव्हे, कागदात पाहिलं. लेजरला लावलेल्या टाचणीचा डाग एका पावसाळ्यात चार पानं पलीकडे उमटायचा. तिजोरीच्या बिजागरीला दर महिन्याला तेल द्यावं लागे. टाइपरायटरची अक्षरं अडकायची. कॅशियर म्हणायचे, "साहेब, इथे नोटासुद्धा घाम गाळतात."

समुद्रावरच्या हवेत मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते सगळीकडे बसतात आणि हवेतलं पाणी ओढून घेतात. कोरडं मीठ फारसा त्रास देत नाही, पण ओलं मीठ वीज वाहून नेतं. स्विचबोर्डाच्या आत, दोन पितळी टोकांच्या मधल्या प्लास्टिकवर असा ओला खारट पापुद्रा बसला की त्यावरून थोडी थोडी वीज सरकू लागते. तिथे काळी रेघ उमटते आणि दर पावसाळ्यात ती वाढत जाते. तांब्यावर हिरवा थर येतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमते आणि लोखंडी स्क्रूचा तर चुराच होतो. जुन्या इमारतींच्या गिलाव्यात खाडीची रेती वापरली असेल तर मीठ भिंतीतच मुक्कामाला असतं आणि लोखंडी पाइप आतून खात बसतं.

सगळ्यात मोठी अडचण अर्थिंगची. आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा करताना कोळसा आणि मीठ घालायची जुनी पद्धत आहे. मिठामुळे माती ओली राहते आणि वीज जमिनीत लवकर जिरते. पण तेच मीठ खड्ड्यातली लोखंडी पट्टी आणि पाइप खाऊन टाकतं. किनाऱ्यावर तर मातीच खारी. खड्डा असतो, वर सिमेंटचं झाकण असतं, झाकणावर 'अर्थ' असं लिहिलेलंही असतं. खाली पट्टी शिल्लक आहे की नाही ते मोजल्याशिवाय कळत नाही.

फ्यूज का नाही उडाला?

आता ते कारण सांगतो. मी एका किनाऱ्यावरच्या शाखेत असतानाची गोष्ट. आमच्या शाखेतला शिपाई भाड्याच्या कौलारू घरात राहायचा. मागच्या बाजूला पत्र्याची पडवी. खांबावरून घरात येणारी वायर त्या पत्र्याला घासून गेलेली. वाऱ्याने घासून घासून तिचं आवरण एका जागी गेलं होतं. पडवीच्या लोखंडी खांबापासून आंब्यापर्यंत कपडे वाळत घालायची तार बांधलेली होती. श्रावणातल्या एका सकाळी पाऊस उघडला म्हणून त्याची बायको ओले कपडे घेऊन मागे गेली. ती परत आली नाही. पदरात दोन मुलं होती, धाकटं तीन वर्षांचं.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला. दुपारी शाखेत गर्दी कमी झाल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, एक विचारू? घरात फ्यूज होता. नवीन घातला होता. मग तो उडाला का नाही?"

बँकेचं वायरिंग बघायला एक परवानाधारक जुने वायरमन येत. पुढच्या खेपेला त्यांच्यापुढे मी हाच प्रश्न ठेवला. त्यांचं उत्तर मी अजून विसरलो नाही. ते म्हणाले, "साहेब, फ्यूज माणसासाठी नसतो. तो तारेसाठी असतो."

या वाक्याचा अर्थ आकड्यांत सांगतो. साठ वॉटचा साधा बल्ब २३० व्होल्टवर साधारण २६० मिलिअँपिअर वीज घेतो. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज थोडा वेळ जरी गेली तरी जिवाला धोका असतो. म्हणजे बल्बच्या जेमतेम नवव्या हिश्श्याने माणूस जाऊ शकतो. घरातला फ्यूज किंवा आजचा एमसीबी असतो सहा, दहा, सोळा अँपिअरचा. म्हणजे सहा हजार, दहा हजार, सोळा हजार मिलिअँपिअर. तार जळू लागेल इतकी वीज गेली तर तो पडेल. माणूस चिकटून राहिला तर त्याला पत्ताही लागणार नाही. फ्यूज त्या दिवशी नादुरुस्त नव्हता. ते त्याचं कामच नव्हतं.

मग माणसासाठी काय? त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, चांगली अर्थिंग. म्हणजे फ्रिजच्या किंवा गिझरच्या पत्र्यावर वीज उतरली तर तिला माणसापेक्षा सोपी वाट जमिनीकडे मिळते. थ्री-पिन प्लगची वरची पिन मुद्दाम लांब केलेली असते, ती प्लग घालताना आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. आपण ती पिन मोडून तो प्लग टू-पिनच्या सॉकेटमध्ये घालतो, किंवा नुसत्या तारा आगपेटीच्या काड्या खुपसून बसवतो, तेव्हा ही वाटच बंद करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आरसीसीबी. जुन्या मंडळींनी ईएलसीबी हे नाव ऐकलं असेल. हे यंत्र कसं चालतं ते मला समजलं तेव्हा हसू आलं, कारण ते आमच्या कॅश काउंटरचंच काम आहे. बँकेत दिवसअखेर काय करतो? गेलेले किती, आलेले किती, शिल्लक किती. जुळलं नाही तर कोणी घरी जात नाही. आरसीसीबी हेच करतो, पण दिवसअखेर नव्हे, क्षणोक्षणी. फेजमधून घरात किती वीज गेली आणि न्यूट्रलमधून किती परत आली हे तो सतत ताडून बघतो. जेवढी गेली तेवढीच परत यायला हवी. ३० मिलिअँपिअरची जरी तूट आली तरी याचा अर्थ वीज भलत्या वाटेने जमिनीत चालली आहे. ती वाट गिझरचा पत्रा असेल, ओली भिंत असेल किंवा माणूस असेल. तो चौकशी करत बसत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत शटर खाली ओढतो.

अर्थिंग चांगली असेल तर गळती सुरू होताच, माणसाचा हात लागायच्या आधीच तो पडतो. अर्थिंग नसेल तर हात लागल्यावर पडतो, पण पडतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर त्याच्या हिशेबात तूट दिसत नाही आणि तो वाचवू शकत नाही. त्यामुळे तो बसवला म्हणजे काहीही करायला मोकळे झालो, असं नाही.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडतो अशी तक्रार आपल्याकडे नेहमी येते. त्यावर इलेक्ट्रिशियनला सांगून तो काढून टाकणारी घरंही मला ठाऊक आहेत. मी एवढंच विचारतो, रोज कॅशमध्ये तूट निघत असेल तर तूट शोधायची की कॅशियरला घरी पाठवायचं?

आपली इमारत

आता आपल्याकडे येतो. १९९९ मध्ये आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा गच्चीवरून गोराईच्या खाडीपर्यंत तिवरं दिसायची. संध्याकाळचा वारा ही आपली मिरवायची गोष्ट होती आणि आहे. घरांतल्या तारा तांब्याच्या आहेत, पण मीटरच्या खोलीतून वरच्या मजल्यांना जाणाऱ्या मुख्य केबल ॲल्युमिनियमच्या. बिल्डरने घरोघरी एमसीबी दिले, आरसीसीबी दिला नाही. त्या वेळी एका घरात फार तर एक गिझर, एक फ्रिज, टीव्ही आणि पंखे. एसी संपूर्ण इमारतीत दोन होते. आज असं एकही घर नाही जिथे एसी नाही. दीड टनाचा एसी दीड किलोवॉटच्या आसपास, गिझर दोन, इंडक्शनची शेगडी दोन. तिन्ही एकदम चालू झाली तर पाच-साडेपाच किलोवॉट. माझ्या लहानपणीच्या दोन चाळीस वॉटच्या दिव्यांच्या जवळजवळ सत्तरपट. आणि आता खाली कंपाउंडमध्ये विजेवरच्या स्कूटर आल्या आहेत. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेली एक्स्टेन्शनची वायर रात्रभर चार्जिंगला लावलेली मी स्वतः पाहिली आहे. ही वायर आणि शिपायाच्या पडवीवरची वायर यांत मला काही फरक दिसत नाही.

२६ जुलै २००५ कोणी विसरलं नसेल. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात भरतीची वेळ. आपल्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं आणि मीटरची खोली तळमजल्यावरच. वीज दोन दिवसांनी आली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. मीटर बदलले गेले. पण केबलची टोकं, मुख्य स्विच, पत्र्याचे बोर्ड नुसते पुसून-वाळवून पुन्हा चालू झाले. त्या पाण्यातलं मीठ आणि गाळ तसाच आत राहिला.

त्याचं उत्तर आपल्याला तीन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात मिळालं. रात्री नऊच्या सुमारास काही घरांत दिवे मंद झाले आणि काहींत डोळे दिपतील इतके प्रखर. पाच मिनिटांत तीन टीव्ही, दोन फ्रिज आणि एक वॉशिंग मशीन गेलं. मुख्य बोर्डावरचा न्यूट्रलचा सांधा झिजून जळाला होता. आपल्या इमारतीला तीन फेज येतात आणि घरं तिन्हींवर वाटलेली आहेत. न्यूट्रल हा त्यांच्यातला मध्यस्थ. तो गेला की २३० व्होल्टचा भरवसा संपतो, आणि ज्या फेजवर त्या वेळी वापर कमी असतो तिथे दाब ४०० च्या दिशेने चढतो. त्या रात्री नुकसान फक्त वस्तूंचं झालं, हे आपलं नशीब. ज्यांच्या वस्तू गेल्या त्यांच्या घरात काही चूक नव्हती. त्यांचं वायरिंग कदाचित सगळ्यात चांगलं असेल. सांधा सगळ्यांचा होता.

कोणाचं काम आणि कोणाचा खर्च

"माझ्या घरातलं मी बघतो, सोसायटीने त्यात पडू नये" असं सभेत ऐकू येतं. उलट बाजूने "हे सगळं सोसायटीनेच करावं" असंही. याचं उत्तर आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. घरातल्या मेन स्विचपर्यंतच्या सगळ्या वीजवाहिन्या सोसायटीच्या खर्चाने. मेन स्विचच्या पुढचं सभासदाचं. त्याच उपविधींत दुरुस्ती-देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी पाव टक्का गोळा करायला सांगितलं आहे. पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायलाही सांगितलं आहे. ते आपण नेमाने करतो. खांबाला चीर गेली तर सगळे जमतात. तारेला चीर गेली तर दिसत नाही, म्हणून ती कोणाच्याच यादीत नाही. बँकेत आम्ही पंख्यावर आणि खुर्चीवरसुद्धा दरवर्षी घसारा लावायचो. या तारांवर पंचवीस वर्षांचा घसारा साचला आहे आणि तो कुठल्याही ताळेबंदात नाही.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने माझं मागणं थोडक्यात मांडतो.

सोसायटीने करायचं ते असं. परवानाधारक कंत्राटदाराकडून संपूर्ण इमारतीची तपासणी करून घ्यावी आणि ती आकड्यांत लिहून घ्यावी. '५०० व्होल्टचा मेगर लावून तारांचं आवरण तपासलं, एक मेगाओहमपेक्षा जास्त आलं' असं कागदावर हवं, नुसतं 'ठीक आहे' नको. अर्थिंगचे खड्डे उघडून मोजमाप घ्यावं आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी, माती सगळ्यात कोरडी असताना, ते पुन्हा घ्यावं. मीटरचे बोर्ड पुराच्या रेषेच्या वर न्यावेत. ॲल्युमिनियमची केबल आणि तांब्याची पट्टी जिथे भेटतात तिथे दोन धातूंसाठी बनवलेले लग दाबून बसवावेत. न्यूट्रलचा प्रत्येक सांधा उघडून, घासून, घट्ट करून घ्यावा. आणि चार्जिंगसाठी कंपाउंडमध्ये स्वतंत्र, पावसापासून बंदिस्त जागा द्यावी, म्हणजे खिडकीतून वायर सोडायची कोणाला गरज पडणार नाही. मीटरच्या खोलीत जुने पाट, मखर आणि रंगाचे डबे ठेवणं आजपासून बंद व्हावं, याला तर पैसेही लागत नाहीत.

घरोघरी करायचं ते असं. आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. दोन-तीन हजारांत येतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबा, भाडेपट्टीचं बिल येतं त्या दिवशी. दाबल्यावर वीज गेली पाहिजे. किनाऱ्यावरच्या हवेत आतला खटका अडकून बसतो, त्याला हलवत राहावं लागतं. गिझर आणि एसी यांना स्वतंत्र, जाड तार हवी, चार चौरस मिलिमीटरची. जुने वायरमन अजून 'तीन-बावीस', 'सात-वीस' अशा मापांत बोलतात, पण तुम्ही चौरस मिलिमीटर विचारा आणि तारेवर छापलेलं वाचून घ्या. बाथरूमच्या जवळचे, गॅलरीतले आणि पश्चिमेच्या भिंतीवरचे बोर्ड आधी उघडा, कारण वारा तिकडून येतो. हिरवा थर, काळी रेघ किंवा जळकट वास दिसला तर स्क्रू आवळून भागवू नका, तो बोर्ड बदला. आणि तुमचा एमसीबी पडतो म्हणून त्याच्या जागी मोठा एमसीबी लावायला कोणी सुचवलं, तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. तार तीच ठेवून एमसीबी मोठा करणं म्हणजे भट्टी पेटवून पहारेकऱ्याला रजा देणं.

या सगळ्याला खर्च आहे, मी नाकारत नाही. पण आपण दर काही वर्षांनी बाहेरून रंग काढतो, तेव्हा तो खर्च आनंदाने देतो. या खेपेला रंग एक वर्ष पुढे ढकलावा आणि तो पैसा आधी तारांना द्यावा, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. सूचक मी आहे, अनुमोदक पाहिजे.

त्या शिपायाची मुलं आता मोठी झाली. धाकटा आयटीआय करून वायरमनचा परवाना घेतलेला आहे आणि त्याच गावात काम करतो. मध्यंतरी त्याचा फोन आला होता. म्हणाला, "काका, गावातल्या एकशेदहा घरांत आरसीसीबी बसवून झाले." गावात एकूण घरं किती, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आता तीसच राहिली."

आपल्या इमारतीत सदनिका अठ्ठावीस आहेत. मी चौकशी केली, आरसीसीबी नऊ घरांत आहे. उरलेल्या एकोणीस घरांनी येत्या पावसाळ्याआधी हे एवढं मनावर घ्यावं.